कायद्याच्या वर्गातले बाबासाहेब

चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर या दोन्ही दिवशी आमच्या मुलांच्या भाषणांत एक वाक्य हमखास येते : बाबासाहेब घटनेचे शिल्पकार होते. ते खरेच आहे. परंतु घटना लिहिण्याच्या कितीतरी आधी ते कायद्याचे प्राध्यापक होते, हे आम्ही मुलांना क्वचितच सांगतो.

१९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. वकिली नवी होती. अस्पृश्य बॅरिस्टरकडे बडे अशील कोठून येणार? संसार परळच्या चाळीत होता. जून १९२८ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि जून १९३५ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य. २७ मे रोजी माता रमाई गेल्या आणि त्यानंतर आठवड्याच्या आत ही जबाबदारी आली. येवल्याची घोषणा, स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना, खोती नष्ट करण्याचे बिल, हे सारे त्यांनी प्राचार्यपदावर असतानाच केले.

आम्हाला त्या काळातली एक गोष्ट मात्र सर्वांत मोलाची वाटते. महाडच्या चवदार तळ्यावरून सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये जो दावा लावला, त्यात पहिले प्रतिवादी स्वतः बाबासाहेब होते. म्हणजे वर्गात ते कायदा शिकवीत आणि कोर्टात त्याच कायद्याने त्यांची परीक्षा चाललेली असे. अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये अशी आमची जुनी रूढी आहे, असे वादी म्हणत होते. रूढी आहे असे जो म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करावयाची असते. ती अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात त्यांचे अपील फेटाळले गेले. पाण्याच्या हक्काचा लढा तळ्याच्या काठी सुरू झाला खरा, पण तो शेवटास गेला पुराव्याच्या कायद्याने, तब्बल दहा वर्षांनी.

शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या बाराव्या खंडात त्यांची कायद्यावरील टिपणे आहेत. मुदतीचा कायदा, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण, विश्वस्त व्यवस्था असे त्यांचे विषय आहेत. टिपणे रुक्ष आहेत, हे आम्ही कबूल करतो. त्यांतली ओळ जयंतीच्या फलकावर कोणी लिहिणार नाही. पण आमच्या घरांची खरी हानी झाली ती नेमक्या याच विषयांच्या अज्ञानाने.

मावळातच पाहा. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली. जमिनी फिरून मिळाल्या त्या नव्या शर्तीने. कलेक्टरांच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. पुढे लोणावळा-वलवणच्या बाजूला बंगल्यांसाठी जमिनीला भाव आला आणि एजंट दारात बसू लागले. विसारपावतीवर सही आधी व्हायची, वाचन मागाहून, तेही शेजाऱ्याच्या शिकलेल्या मुलाकडून. फेरफाराची नोटीस ट्रंकेत पडून राहायची आणि हरकतीची मुदत निघून जायची. आमच्यापैकी अनेकांनी हे आपल्याच वडिलधाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. ते आळशी नव्हते. त्यांना मुदत म्हणजे काय हे कोणी शिकविलेच नव्हते.

अशा निवासी शाळेत मुले दहा-दहा महिने आमच्या हाती असतात. डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी त्यांच्यामागे आम्ही लागतो, यात गैर नाही. पण आठवड्याचा एक तास कायद्याच्या वाचनाला देता येणार नाही, असे आम्हाला वाटत नाही. वडगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा यावे. बाकीचे तास शिक्षकांनी घ्यावेत. आरंभ नववीच्या वर्गापासून, येत्या जूनमध्येच व्हावा. पहिल्या तासाला प्रत्येक मुलाने घरून सातबाऱ्याचा उतारा आणावा. ज्यांच्या घरी जमीन नाही, त्यांनी भाडेकरार किंवा वडिलांचे नेमणूकपत्र आणावे. पालकांना एवढीच विनंती, की मुलाने कागद मागितला तर ट्रंक उघडून द्यावी.