सांडपाण्याच्या पोटातील इंधन

हायड्रोजन हे उद्याचे इंधन होय, असे अलीकडे वारंवार वाचनात येते. भारत सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली आणि त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. पाण्याचे विद्युत्-विघटन केले असता हा वायू मिळतो, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु सांडपाण्यातून तो जिवाणूही काढून देतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानी गेलेली नाही.

ही प्रक्रिया मोठी मनोवेधक आहे. साखर वा पिष्ट असलेले सांडपाणी बंद टाकीत, हवा शिरू न देता ठेवतात. क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू ते अन्न पचवून आम्ले तयार करतात आणि त्या ओघात हायड्रोजन बाहेर पडतो. पंचाईत अशी, की त्याच गाळात राहणारे मिथेनकारी जीव तो वायू लागलीच फस्त करतात. यास्तव गाळ आधी चांगला तापवून घेतात. मिथेनकारी मरतात, क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू मात्र उष्णता सोसून तग धरतात. खरगपूरची आय.आय.टी. आणि हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था येथे या विषयावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

मग आमच्या धामनोदच्या नाल्यांतून इंधन का निघू नये? सुज्ञ वाचकांनी येथे थोडे थांबावे. ग्लुकोजच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे १२ रेणू मिळण्यास तत्त्वतः वाव असतो. या मार्गाने फार तर ४ हाती लागतात आणि व्यवहारात त्याहूनही कमी. उरलेली शक्ती आम्लांतच राहते. अर्थात वायू मिळाला तरी पाणी शुद्ध होत नाही. त्यासाठी दुसरी टाकी हवी, जीत मिथेनकारी जीवांनाच कामाला लावावे लागते. शिवाय घरगुती सांडपाणी अतिशय पातळ असते. साखर कारखाने, मद्यार्काच्या भट्ट्या, दुग्धशाळा यांचे पाणी या कामी अधिक उपयुक्त.

मिथेनची विद्या तर आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतील वायू जमवून वापरात आणला होता. आमच्या शेजारी इंदुरास १९ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रतिदिनी ५५० टन ओला कचरा पचविणारे बायो-सीएनजी संयंत्र सुरू झाले. त्याचे मर्म यंत्रात जितके, तितकेच घरोघरी ओला-सुका कचरा निराळा ठेवणाऱ्या हातांत आहे.

ज्या नर्मदेला आम्ही निमाडवासी मैया म्हणतो, तिच्याच खोऱ्यात आमच्या मोऱ्यांचे पाणी उतरते. हायड्रोजनची टाकी येईल तेव्हा येवो. तिच्या भरवशावर आजची शुद्धीकरणाची कामे लांबणीवर टाकणे आम्हांस परवडणारे नाही. मोरीत खरकटे न सोडणे एवढे तर प्रत्येक घरास आजच शक्य आहे. आणि बंद गटारांचा व शुद्धीकरणाचा आग्रह नगर परिषदेकडे धरणे, हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.