हे पांघरूण आता फेका!

'कव्हर्चर' हा इंग्रजी शब्द आज इंग्रजांच्याही बोलण्यात नाही. कायद्याच्या जुन्या पुस्तकांत तेवढा सापडतो. 'झाकून टाकणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आजच्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ साधं पांघरूण असा आहे. इंग्रजी कायद्यात मात्र हे पांघरूण लग्न झालेल्या बाईवर घातलेलं असे.

अविवाहित स्त्री किंवा विधवा स्वतःच्या नावावर करार करू शकत असे, मालमत्ता बाळगू शकत असे. लग्न झालं की ती 'फेम कव्हर्ट' म्हणजे झाकलेली बाई! नवरा-बायको कायद्यापुढे एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. विल्यम ब्लॅकस्टनने १७६५ मध्ये हे मांडलं आणि वर हे सगळं बाईच्याच भल्यासाठी आहे, अशी मखलाशीही केली. १८७० च्या कायद्यापर्यंत तिच्या घामाची मजुरीसुद्धा नवऱ्याचीच होती.

याच विचाराच्या पठडीतलं मॅथ्यू हेलचं मत १७३६ मध्ये छापलं गेलं: लग्नात दिलेली संमती बायकोला परत घेता येत नाही. इंग्लंडने १९९१ मध्ये ते मोडीत काढलं. आपण काय केलं? वसाहतीच्या खुणा पुसायच्या म्हणून आणलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ६३ व्या कलमात १८६० च्या दंडविधानातला अपवाद कायम आहे. पत्नी १८ वर्षांखालील नसेल, तर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार ठरत नाही.

मी समुपदेशनाचं काम करते. मारहाणीबद्दल बोलणारी बाई रात्रीच्या बळजबरीपाशी येऊन थांबते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळ येतो, तिला संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. पण बलात्काराची फिर्याद? ती नाही.

म्हणे, लग्नसंस्था मोडेल! इंग्लंडात १९९१ नंतर लग्नं थांबली का? खोट्या तक्रारी होतील म्हणता, तर पुरावा तपासायला न्यायालयं आहेत. चोरीच्या खोट्या फिर्यादी होतात म्हणून कोणी चोरीला माफी देत नाही.

मैत्रिणींनो, गुन्ह्यावर पांघरूण घालणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. हा अपवाद रद्द झालाच पाहिजे.