टेलच्या गावाची कबड्डी

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. वर बारामतीकडे उसाचे फड, आमच्याकडे ज्वारी. आवर्तन वेळेवर आले तर मका. आबांना खेळातले फारसे कळत नाही. पण गेल्या हिवाळ्यात कबड्डीचा सामना हरून मी घरी आले आणि सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुमच्या खेळातबी हेड अन् टेल हाय म्हण की!" त्या एका वाक्याने मला विचार करायला लावले.

हकीकत अशी. आमचे आंतरमहाविद्यालयीन सामने मॅटवर झाले. आम्ही वर्षभर मातीत खेळतो. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो धरून ठेवला जातो. वळताना गुडघ्याला हिसका बसतो. बूटही वेगळे लागतात. आमच्यापैकी तिघींनी ते मागून आणले होते. मध्यंतरापूर्वीच आमच्यावर दोन लोण चढले. समोरच्या मुली सरस होत्या, हे मी नाकारीत नाही. सामन्यानंतर त्यांच्यातली एक सहज म्हणाली, की त्यांच्या महाविद्यालयाचे क्रिकेटचे मैदान सुट्टीत शिबिरांना भाड्याने जाते आणि त्याच पैशातून कबड्डीची मॅट आली. म्हणजे आमच्या सामन्याचा थोडाफार निकाल आधीच क्रिकेटच्या मैदानावर लागला होता!

मग क्रिकेटला नावे ठेवायची काय? मला ते पटत नाही. २०२२ साली आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. २०२० मध्ये बारामतीत रणजी करंडकाचा सामना झाला, याचा आम्हांलाही अभिमान वाटतो. क्रिकेटच्या कमाईतून कुठे कबड्डी वाढत असेल, तर ते चांगलेच आहे. प्रश्न एवढाच, की एका खेळाची कमाई एकाच फाटकाच्या आत राहिली, तर दुसऱ्या खेळातली चुरस टिकेल काय?

अमेरिकेतील विद्यापीठांत हा प्रश्न फार मोठा आहे. तेथील फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा खेळ. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संघटनेचे नियंत्रण मोडले आणि मोठी विद्यापीठे गट करून स्वतःचे करार करू लागली. फुटबॉलचा हा पैसा बास्केटबॉललाही पोसतो. तरीही गोन्झागा हे फुटबॉलचा संघच नसलेले विद्यापीठ २०१७ आणि २०२१ मध्ये बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात पोहोचले. मैदानात पाचच खेळाडू लागतात, म्हणून दोन-तीन उत्तम मुले मिळाली की लहान संस्थाही उभी राहते. मात्र २०२५ मध्ये शेवटचे चारही संघ अव्वल मानांकित होते. त्यांतले फ्लोरिडा आणि ऑबर्न हे फुटबॉलसाठी गाजलेल्या एकाच गटातले, आणि विजेते झाले फ्लोरिडा. जिद्द पैशाला अधूनमधून हरवते. दरवर्षी हरवील असे नाही.

आपल्या प्रो कबड्डीत याला एक उपाय आहे. हरियाणा संघामागचा जेएसडब्ल्यू समूह आयपीएलच्या दिल्ली संघातही भागीदार आहे. पण खेळाडूंच्या लिलावात खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखी. दहाव्या हंगामात ती ५ कोटी रुपये होती. तो हंगाम १ मार्च २०२४ रोजी आपल्या पुणेरी पलटणने याच हरियाणाला २८-२५ असे हरवून जिंकला, आणि पुढचा हरियाणाने. चुरस म्हणतात ती हीच!

कोणी विचारील, ज्याने कमावले त्याने दुसऱ्याला का द्यावे? माझे उत्तर असे, की सामना एकट्याने होत नाही. आम्हांला सहज हरवून त्या मुलींना काही शिकायला मिळाले नाही. पुढच्या फेरीत तोलामोलाचा संघ समोर येताच त्याही गोंधळल्या. दुसरे असे, की माझ्यासारखीला हा केवळ ढालीचा प्रश्न नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवर यश लागते आणि तिकडची पहिली पायरी हीच. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पदवी आणि खेळ, एवढ्या दोनच गोष्टींच्या जोरावर मी लग्नाचा विषय पुढे ढकलते आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मैदानांच्या भाड्यातला दहावा हिस्सा सर्व महाविद्यालयांनी एकत्र करावा. त्यातून प्रत्येक तालुक्यात एक सामाईक मॅट घ्यावी व ती ठरलेल्या दिवशी प्रत्येक संघाला सरावासाठी मिळावी. संघाच्या पोशाखात बुटांचाही समावेश व्हावा. यात कोणाचे मैदान जात नाही की कोणाचा चषक जात नाही.

कालव्याचे पाणी आधी टेलला, मग हेडला द्यावे, असे म्हणतात. ते पाळले जाते की नाही, हे आमच्या गावाला विचारा. निदान खेळात तरी आपण ते पाळून पाहू या. त्यानंतरही आम्ही हरलो, तर मी आबांना सांगेन, की या वेळी आम्ही खेळात हरलो. आणि त्या हरण्याचे मला वाईट वाटणार नाही.