पुसलेली शाई जाते कोठे?

मुंबईहून खोपोलीस जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ठाण्याच्या आसपास उघडलेले वर्तमानपत्र बदलापूर येईतो वाचून संपते, कर्जतला त्याची घडी पडते आणि पळसदरीच्या फलाटावर गाडी उभी राहते तेव्हा ते बाकाच्या कोपऱ्यात बेवारस पडलेले असते. आमच्या धंद्याला हे दृश्य नवे नाही. सकाळचा अग्रलेख संध्याकाळी रद्दी होतो, हे जाणूनच आम्ही तो लिहितो. परंतु त्या बाकावरील कागदाचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्ही लिहिणाऱ्यांनी आणि आमच्या वाचकांनी स्वतःस फारसा विचारलेला नाही. तो आज विचारावयाचा आहे.

रद्दीचा पुन्हा कागद होतो, हे उत्तर शाळेतील मूलही देईल. उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. कागदाचा पुन्हा कागद होतो. मग त्यावरील शाईचे काय होते? शाळेत शिकविण्यात आमची काही वर्षे गेली. पाटी पुसल्यावर अक्षरे नाहीशी होतात असे पहिलीतल्या मुलास वाटते. ती फडक्यास लागलेली असतात, हे फडके धुणाऱ्यासच ठाऊक असते. कागदाच्या बाबतीत आपला सारा समाज अजून पहिलीच्या वर्गात बसला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

छापील कागदावरील शाई काढून त्याचा पुन्हा छपाईयोग्य कागद करण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील गटिंगन येथील कायद्याचे पंडित युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ साली या युक्तीवर एक छोटे पुस्तक काढले, आणि तेही अशाच कागदावर छापून. इंग्लंडमध्ये माथायस कूप्स याने १८०० साली अशा कृतीचे पेटंट मिळविले. पण त्याचा उद्योग अल्पावधीतच बुडाला. आपल्याकडे जुन्नरचे आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे कागदी चिंध्या व जुने कागद कुटून, धुऊन लगदा करीत. त्या काळची शाई काजळी व डिंकाची असे. ती पाण्यास बऱ्याच अंशी वश होई. छापखान्याची शाई तशी नाही. तिच्यातील काजळी तेलात घोटलेली असते आणि तेल पाण्यास जुमानीत नाही. म्हणून येथे रसायनाचे साहाय्य घ्यावेच लागते.

ते साहाय्य कसे असते, हे समजून घेतल्यावाचून या विषयावर मत देणे म्हणजे अंधारात काठी फिरविणे होय. रद्दी प्रथम मोठ्या हौदात पाण्याबरोबर घुसळली जाते. त्यात कॉस्टिक सोडा घालतात. त्याने तंतू फुगतात आणि शाईची पकड सुटते. सोड्याने लगदा पिवळा पडू लागतो, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. पेरॉक्साइड लवकर नासू नये आणि सुटलेली शाई पुन्हा तंतूंवर बसू नये, म्हणून सोडियम सिलिकेट. त्याखेरीज साबण किंवा तत्सम द्रव्ये. मग लगदा पातळ करून त्यातून हवेचे बुडबुडे सोडले, की शाईचे कण बुडबुड्यांस चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो काळा फेस खरडून काढला जातो. एक टन रद्दीस साधारणतः दहा-पंधरा किलो कॉस्टिक सोडा, तितकेच पेरॉक्साइड, वीस किलोच्या आसपास सिलिकेट आणि पाचेक किलो साबण लागतो. वर्तमानपत्री कागदासाठी शंभर किलो रद्दी घेतली, तर ऐंशी-पंच्याऐंशी किलो लगदा हाती येतो. मऊ, पांढऱ्या हातपुसण्यांच्या कागदासाठी लगदा धुऊन घेतात, तेव्हा घट याहूनही मोठी असते.

उरलेले पंधरा-वीस किलो जातात कोठे? शाई, कागदावरील खडू व चिनीमाती, तुटलेले आखूड तंतू असा तो करडा गाळ असतो. आणि ज्या पाण्यात हे सारे घडले ते पाणीही मागे राहते. गिरणी सचोटीची असेल, तर गाळ दाबून पुठ्ठ्यास, विटांस किंवा भट्टीस जातो व पाणी शुद्ध करून पुन्हा फिरविले जाते. गिरणीस तेवढे द्रव्यबळ वा तेवढी सद्बुद्धी नसेल, तर दोन्ही जवळच्या ओढ्यास मिळतात. पाटीवरची अक्षरे तेव्हा नदीच्या फडक्यास लागतात.

म्हणूनच पळसदरीचा उल्लेख आम्ही केवळ गाडीच्या ओघात केलेला नाही. १२ मे १८५६ रोजी रेल्वे पळसदरीवरून खोपोलीस पोचली, तेव्हापासून हा टापू मुंबईच्या गरजांशी बांधलेला आहे. कर्जतच्या बाजूचे पाणी उल्हासेस मिळते, खोपोलीच्या बाजूचे पाताळगंगेस. या दोन खोऱ्यांमधील उंबरठा आगगाडी अर्ध्या तासाच्या आत ओलांडते. खोपोलीच्या वीजगृहाने १९१५ पासून मुंबईस वीज पुरविली, आणि त्याच वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा ऐन वैशाखातही वाहती राहिली. वाहते पाणी, रेल्वे व वीज एकत्र आली तेथे कारखानेही आले. खोपोलीचे नाव कागदगिरणीशी जोडले गेले, ते याच कारणाने. कोणा एका गिरणीवर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. या पाण्यावर शहरांची, कारखान्यांची आणि काठावरच्या शेतकऱ्यांची तहान एकाच वेळी अवलंबून आहे, एवढेच सांगावयाचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ दूषित पट्टे मोजले; त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले, आणि त्यांत उल्हासही होती. प्रगतीत पहिला क्रमांक मिरविणाऱ्या राज्यास हा पहिला क्रमांक भूषणावह नाही.

शाई काढणारी सारीच द्रव्ये सारखी घातक नसतात, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पेरॉक्साइड आपले काम संपवून पाणी व प्राणवायू होऊन जाते. सोडा आम्लाने शमविता येतो. साध्या मेदाम्लांचा साबण जंतू पचवितात. परंतु पेरॉक्साइडास नासविणाऱ्या धातूंच्या अंशांना बांधून ठेवण्यासाठी इडीटीए नावाचे जे द्रव्य वापरले जाते, ते सहजी कुजत नाही आणि धातूंना पाण्यात विरघळलेलेच ठेवते. काही स्वस्त फेसकारी द्रव्ये त्याहून वाईट. नॉनिलफिनॉलपासून केलेली ही द्रव्ये नदीत अर्धवट कुजतात आणि मागे पुन्हा नॉनिलफिनॉलच उरते. ते माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. युरोपने २००३ साली कागद-उद्योगासह अनेक धंद्यांत त्यांस बंदी केली. जुन्या पद्धतीत लगदा क्लोरीनच्या संयुगांनी पांढरा करीत; त्यातून निर्माण होणारी क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये वर्षानुवर्षे नाहीशी होत नाहीत. उलट, अलीकडे वापरात आलेली विकरे सौम्य पाण्यातच शाईची पकड सोडवितात आणि सोड्याची गरज कमी करतात. म्हणजे निवड करण्यास वाव आहे. निवड करावयाची ती स्वस्ताईच्या हिशेबाने की पाण्याच्या, एवढाच प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप असेल तर रद्दीचा कागद करूच नये. हे मत आम्हास मान्य नाही. नव्या लगद्यास झाडे लागतात, पाणी व इंधनही अधिक लागते. आणि आपल्या देशातील निम्म्याहून अधिक कागद आज रद्दीतूनच होतो. रद्दी गोळा करणाऱ्यापासून गिरणीतल्या कामगारापर्यंत हजारो कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते. रद्दीचा कागद हे पुण्यकर्मच आहे. पण पुण्यकर्माच्या नावाखाली पाप झाकले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. ‘पर्यावरणस्नेही’ असा शिक्का ज्या वहीवर मारला जातो, तिच्या पांढरेपणाची किंमत कोणत्या ओढ्याने दिली, हे त्या शिक्क्यावर लिहिलेले नसते.

आणि येथे खरी गाठ आहे: पांढरेपणा. खोकी, पुठ्ठे व बांधणीचा तपकिरी कागद करताना शाई बहुधा काढावीच लागत नाही. ती लगद्यातच मुरते. शाई काढावी लागते ती आपणांस शुभ्र कागद हवा म्हणून. तालुका कचेरीतील टिपण, शाळेची हजेरी, बँकेची पावती, लग्नाची याद हे सारे दुधासारख्या कागदावर का असावे? किंचित करड्या कागदावर काढलेला हुकूम कमी लागू होतो की काय? सरकार हे कागदाचे मोठे गिऱ्हाईक आहे. त्याने आपल्या खरेदीत चकाकीची अट शिथिल केली आणि न रंगविलेला, न उजळलेला कागद मागितला, तर गिरण्यांस रसायने कमी घालण्याचे कारण मिळेल. लहान गिरण्यांस शुद्धीकरणाचा खर्च झेपत नाही, ही तक्रार पुष्कळ अंशी खरी आहे. परंतु तिचे उत्तर नदीस पैसे भरावयास लावणे हे नव्हे. शुद्धीकरणाची सामाईक केंद्रे, त्यासाठी स्वस्त कर्जे आणि प्रामाणिक गिरणीस सरकारी खरेदीत अग्रक्रम, हे ते उत्तर आहे.

दुसऱ्यास उपदेश करताना स्वतःचे घर वगळणे आम्हास शोभणार नाही. ही शाई मुळात आमच्याच छापखान्यांतून निघते. शाई निवडताना ती काळी किती व स्वस्त किती, एवढेच आम्ही पाहत आलो. ती पुढे सुटेल कशी, हे पाहिले नाही. अमेरिकेत १९८७ साली आयोवातील एका दैनिकाने सोयाबीनच्या तेलाची शाई वापरून दाखविली. ती कागदावरून अधिक सुलभतेने सुटते, असा पुढे अनुभव आला. लेसर यंत्राची पूड कागदावर वितळून बसते आणि तिचे खवले सुटता सुटत नाहीत. पाण्यात कालविलेल्या काही शाया इतक्या बारीक विखुरतात की बुडबुड्यांस सापडतच नाहीत. मुद्रक, वृत्तपत्रे व शाईचे कारखानदार यांनी एकत्र बसून सुटणारी शाई हे छपाईचे एक मानक ठरविले पाहिजे. त्यात आमचाही खर्च वाढेल, हे आम्ही जाणतो.

वाचकांचाही यात वाटा आहे. वर्तमानपत्र जितके जुने व उन्हाने तापलेले, तितकी त्यावरील शाई वाळून घट्ट बसते आणि ती काढण्यास श्रम व द्रव्ये अधिक लागतात. म्हणून वर्षभर माळ्यावर गठ्ठे रचून दिवाळीस विकण्यापेक्षा महिन्याच्या महिन्यास रद्दी द्यावी, ती कोरडी ठेवावी, आणि वर्तमानपत्रे, वह्या व चकचकीत मासिके वेगवेगळी बांधावी. गाडीतल्या बाकावरील वर्तमानपत्र उतरताना बरोबर न्यावे. आणखी एक. स्टेशनाबाहेर गरम वडा वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून घेण्याची आपली सवय जुनी असली, तरी तेलाने ती शाई सुटते आणि थेट पोटात जाते. २०१८ च्या अन्नवेष्टन-नियमांनी ही प्रथा निषिद्ध ठरविली आहे. विक्रेत्यास दोष देण्यापूर्वी गिऱ्हाइकाने कोरा कागद मागावा.

राहता राहिला कायदा. पाण्याच्या प्रदूषणास आळा घालण्याचा कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला आणि त्यासाठी १९७० मध्ये मंडळ नेमले. देशाचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. म्हणजे आपणांस वाट दाखविण्याचा मान होता. तो टिकवावयाचा असेल, तर शाई काढणाऱ्या प्रत्येक गिरणीने कोणती द्रव्ये वापरली, किती गाळ निघाला आणि तो कोठे गेला, हे दरमहा आपल्या दारावरील फलकावर मराठीत लिहावे, अशी सक्ती मंडळाने करावी. नॉनिलफिनॉलवर्गीय द्रव्ये या धंद्यातून हद्दपार करावी. गाळ नेणाऱ्या वाहनाची नोंद गिरणीच्या दारी जशी होते, तशी तो उतरविला जातो तेथेही व्हावी. ज्या गावाच्या ओढ्याकाठी गिरणी आहे, त्या गावाच्या ग्रामसभेस हा हिशेब पाहण्याचा हक्क असावा. यात कोणा कारखानदाराचे धंद्याचे गुपित फुटत नाही. फुटलाच तर वर्षानुवर्षे पोसलेला बेफिकिरीचा भ्रम फुटेल.

हा अंकही उद्या रद्दी होईल. त्याबद्दल आम्हास विषाद नाही. वर्तमानपत्राचा तो धर्मच आहे. यातील अक्षरे पुसून त्याच कागदावर उद्या कोणा मुलाने बाराखडी गिरविली, तर आमच्या लेखणीचे याहून मोठे सार्थक नाही. मात्र ती अक्षरे पुसताना जे उरेल, ते पळसदरीच्या अलीकडे वा पलीकडे कोणाच्या हंड्यात पडू नये, एवढी काळजी आपण साऱ्यांनी घेतली पाहिजे. पाटी स्वच्छ करणाऱ्याने फडकेही धुवावे, आणि ते गावाच्या पाणवठ्यावर धुऊ नये, हा धडा पहिलीचाच आहे. तो गिरविण्यास वय आड येत नाही.