‘प्रतिमा’ : पाहण्याचा नव्हे, मापण्याचा शब्द

आपल्या काव्यसमीक्षेत ‘प्रतिमा’ ही संज्ञा जितकी वापरली जाते तितकीच ती सैलपणे वापरली जाते. सुधीर रसाळ यांनी ‘कविता आणि प्रतिमा’ या ग्रंथात या संकल्पनेचा सविस्तर विचार केला असला, तरी पदव्युत्तर प्रबंधिकांतून ‘प्रतिमा म्हणजे शब्दचित्र’ हेच समीकरण गृहीत धरलेले दिसते. कवितेतील दृश्य तपशिलांची यादी दिली की प्रतिमाविचार संपला, अशी ही समजूत आहे. शब्दाची व्युत्पत्ती तिला दुजोरा देत नाही.

‘मा’ म्हणजे मापणे या धातूला ‘प्रति’ हा उपसर्ग लागून ‘प्रतिमा’ हा शब्द सिद्ध होतो. पाहण्याचा अर्थ त्यात मुळात नाही. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातील १३०व्या सूक्तात तो ‘प्रमा’ या शब्दाच्या शेजारी येतो. तेथे देवमूर्ती अभिप्रेत नाही. ‘उपमा’, ‘प्रमाण’, ‘अनुमान’ हे शब्दही याच धातूचे. आपण सहज उच्चारतो तो ‘अप्रतिम’ हा शब्द मूळ अर्थ आजही जपून आहे : ज्याच्या तोडीचे दुसरे नाही ते अप्रतिम.

मूर्ती हा अर्थ रूढ झाल्यावरही मापण्याची ही खूण पुसली गेली नाही. भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिमानाटका’त भरत प्रतिमागृहात येतो. तेथे केवळ दिवंगत राजांच्याच प्रतिमा ठेवतात, हे कळल्यावर दशरथाची प्रतिमा पाहून त्याला पित्याचा मृत्यू उमगतो. हे ज्ञान त्याला केवळ रूपसाम्यातून होत नाही. ती प्रतिमा कोणाच्या रांगेत उभी आहे, यातून होते.

हिंदी समीक्षेने ‘बिंब’ हा शब्द स्वीकारला. त्यात प्रतिबिंबाची, म्हणजे दृश्याचीच, सूचना प्रबळ आहे. मराठीने ‘प्रतिमा’ स्वीकारून अधिक व्यापक शक्यता हाती घेतली, असे मला वाटते.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु संज्ञा धूसर झाली असता तिचे मूळ निदान योग्य प्रश्न सुचवू शकते. दृश्यापुरतेच बोलायचे असेल तर ‘दृक्प्रतिमा’ म्हणावे. नाद, स्पर्श, गंध यांच्या प्रतिमांना त्यामुळे आपोआप जागा मिळेल. आणि विद्यार्थ्याला ‘येथे काय दिसते?’ एवढेच न विचारता ‘येथे कशाला कशाने मापले आहे, आणि ते माप कोठे अपुरे पडते?’ असे विचारावे. प्रतिमांची मोजदाद थांबून कवितेचे वाचन तेथून सुरू होईल.