एक ओळ, एक फेरी

इन्स्टॉल फाइलमध्ये एक पाथ चुकला. दुरुस्तीला दहा सेकंद पुरले. पण डेबियनचे मोठे पॅकेज पुन्हा पहिल्यापासून बांधायला पाऊण तास गेला. पॅकेजिंग करणाऱ्या प्रत्येकाला हा पाऊण तास परिचयाचा आहे. त्यात वेळ जातो, पण खरे नुकसान वेगळेच होते. वाट पाहणे जिवावर येते, म्हणून आपण एकाच फेरीत पाच बदल उरकतो. पॅकेज तयार होते, पण कोणत्या बदलामुळे, ते कळत नाही. उरलेले चार बदल रूल्स फाइलमध्ये तसेच राहतात आणि पुढचा मेंटेनर त्यांना हात लावायला कचरतो.

म्हणून फेरी लहान करण्याला आम्ही निव्वळ सोय मानत नाही. कामाचा दर्जा तिच्यावर अवलंबून आहे.

साधने हाताशी आहेत. डीपीकेजी-बिल्डपॅकेज एरवी आधी साफसफाई करते; 'एनसी' पर्याय दिला की ती टळते आणि झालेले कंपाइल वाया जात नाही. मात्र बिल्ड पूर्ण झाल्याची खूण म्हणून डेबहेल्पर एक स्टँप फाइल ठेवतो. मूळ कोड बदलला असेल तर ती आधी काढा. नाहीतर बिल्डची पायरीच गाळली जाते आणि आपण जुनीच बायनरी तपासत बसतो. पुन्हा कंपाइल करावेच लागले तर सीकॅश आहे. ऑटोपीकेजीटेस्टला तयार डेब फाइल द्या, हवी तेवढीच टेस्ट नाव सांगून चालवा आणि 'शेल-फेल' लावा. टेस्ट फेल झाली की त्याच वातावरणात शेल मिळतो. लॉगवरून तर्क करत बसावे लागत नाही.

पण या फेरीच्या भरवशावर अपलोड करू नका. आपल्या मशीनवर कधीकाळी टाकलेली लायब्ररी बिल्ड-डिपेंड्समधली उणीव झाकते. ती उघडी पडते एसबिल्डच्या कोऱ्या क्रूटमध्ये. शेवटची फेरी तिथेच, सगळ्या टेस्टसह व्हावी. लागेल तेवढा वेळ लागो.

नवख्यांना शिकवताना आपण ही कोरी बिल्ड पहिल्याच दिवशी दाखवतो आणि लहान फेरी त्यांची त्यांना सापडेल असे धरून चालतो. ती आधी शिकवा. चूक करून पाहायला पाऊण तास मोजावा लागत नाही, हे कळले की नवखा प्रश्न विचारू लागतो, आणि मेंटेनर तिथूनच घडतो.