डाव्या बाजूची खडखड

माझा राग अजून गेलेला नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी सांगत होते, "पुढून, डाव्या बाजूने खडखड येते," आणि समोरचा मुलगा नुसता टाइप करत होता. गाडीपाशी गेला नाही, चावी मागितली नाही. थोड्या वेळाने एस्टिमेट हातात आलं: दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, सगळे बुश. रक्कम पाच आकडी. वर म्हणाला, "मॅडम, गाडी जुनी झाली. आवाज येणारच."

येणारच कसा? आमच्या गाडीला पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग रीतसर घेतलेलं आहे. भंगारात काढण्याचे सल्ले मी धुडकावले आहेत. गाडी काय म्हणते ते न ऐकता पार्ट बदलणं म्हणजे नाडी न बघता औषधांची पिशवी हातात देणं.

तशीच सातपूरच्या चाचांकडे, आमच्या मेकॅनिककडे गेले. ते शेजारी बसले, काचा उतरवायला लावल्या. "ताई, चालवा." आधी उभ्या गाडीत रेस वाढवली, आवाज नाही; म्हणजे सायलेन्सरचा पत्रा नव्हे. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकायला सांगितलं, खडखड तशीच. ब्रेकवर हलका पाय ठेवला तरी तशीच, म्हणजे ब्रेक पॅडही नव्हेत. स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली. कटकट नाही, एक्सल ठीक. मग विचारलं, "स्पीडब्रेकरवर येतो का?" येत नव्हता. दोन्ही चाकं एकदम चढली की गप्प, एकटं डावं चाक खड्ड्यात गेलं की खडखड. तिथेच त्यांना कळलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार एक चाक वर आणि दुसरं खाली झालं तरच पिळला जातो, आणि त्याच्या टोकाचा डावा लिंक रॉड ढिला होता. तेवढा बदलला. बाकी कशालाही हात लावावा लागला नाही.

हे बघताना मला इगतपुरी स्टेशन आठवलं. लहानपणी मुंबईहून येताना तिथे गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एक माणूस डब्यांच्या चाकांवर टोले मारत जायचा. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. शेकडो प्रवाशांचा जीव त्या एका कानावर असायचा, आणि आम्ही मात्र वड्यांकडे बघत असायचो! आज चाकं-आस तपासायला अल्ट्रासाउंड आहे, पण रेल्वेने ऐकणं सोडलेलं नाही. काही मार्गांवर रुळांशेजारी मायक्रोफोन बसवले आहेत; धावत्या गाडीच्या बेअरिंगचा आवाज टिपून बिघाड आधीच ओळखतात.

चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पाना थांबला. एवढ्या गोंगाटात बेअरिंगचा आवाज वेगळा कसा काढतात, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, बिघडलेलं बेअरिंग चाकाच्या वेगाच्या ठरावीक पटीत ठोके देतं, तेवढेच ठोके यंत्र शोधतं.

"बरोबर," चाचा म्हणाले, "चाकाबरोबर वाढतो तो वेगळा, इंजिनाबरोबर वाढतो तो वेगळा. म्हणून तर तुम्हाला न्यूट्रल टाकायला लावलं."